आधी हात, मग हाक

आमच्या घराचा वरचा मजला कंपनीनं साहेबासाठी भाड्यानं घेतला तेव्हा मी एकच अट घातली. वर काय शिजवाल ते मी विचारणार नाही, पण जिन्यात हाडं टाकायची नाहीत. कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, "आजी, चिनी साहेब आहेत, बायको-मुली येणार आहेत. चांगली माणसं आहेत." मी म्हणाले, "चांगली माणसं पण हाडं टाकत्यात."

गणपती उठले आणि ती माणसं राहायला आली. नवरा, बायको आणि दोन मुली, थोरली सात वर्षांची आणि धाकटी पाच. नवरा-बायको आधीपासून इकडंच होती, रहाटणीला एका सोसायटीत. पोरी मात्र तिकडं त्यांच्या आजीकडं वाढत होत्या. आईनं त्यांना फोनवर बघितलं होतं तेवढंच. आता कुठं आणल्या होत्या. साहेबाला चाकणच्या पुढचा कारखाना जवळ पडावा म्हणून आमच्या गावात जागा घेतली. तो सकाळी मी कोंबड्या सोडायच्या आत जायचा आणि रात्री यायचा. दिसला की मान हलवायचा, मीही हलवायची. आमचं तेवढ्यात भागत होतं.

हे सगळं मला त्याच्या बायकोनं सांगितलं, फोनमधून. ती चिनीत बोलायची आणि फोन मराठीत बोलायचा. फोनची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी. "माझी कनिष्ठ कन्या आपल्या अंगणात उपस्थित आहे काय?" असं विचारायचा. कनिष्ठ कन्या दिवसभर माझ्याच अंगणात असायची. आल्यापासून आठवड्याच्या आत ती गल्लीतल्या पोरांशी भांडायला लागली, आणि भांडायला लागली म्हणजे बोलायला लागली. "माझं हाय," "दे की," "जा तिकडं," हे तिला कुणी शिकवलं नाही. मला आजी म्हणायचंही ती पोरांचं ऐकूनच शिकली.

थोरली बोलत नव्हती. जिन्याच्या खालच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसायची आणि बघायची. दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायची, खाऊन ताटली धुवून आणून द्यायची. पण तोंडातून शब्द नाही. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी नाही. आधी मला वाटलं मुकी असेल. मग एकदा वर तिला आईशी बोलताना ऐकलं आणि माझी खात्री पटली, की पोरीला जीभ आहे, आपल्यासाठी बाहेर काढत नाही.

सामान चढवलं त्या दिवशी दोन मोठ्या काळ्या बॅगा जिन्याच्या वळणावरच राहिल्या. वर गच्चीवर माझ्या पापडाच्या चटया असतात, त्यामुळे मला रोज तिथून जावं लागतं. पहिल्याच दिवशी गुडघा आपटला. मी पोरींच्या आईला म्हणाले, "ह्या वर घे की." तिनं फोन पुढं केला. फोन म्हणाला, "या अद्याप रिकाम्या करावयाच्या नाहीत." का, ते मला शाळेतून परत येताना कळलं.

तळेगावच्या रस्त्याला इंग्रजी माध्यमाची एक शाळा आहे. माझा नातू तिथंच शिकला, आता कॉलेजला आहे. त्याच्या वेळेला मी तिथं इतकी भांडले आहे की मोठ्या बाई मला लांबूनच ओळखतात. म्हणून पोरींची आई मला घेऊन गेली. मी चौथी पास. मला इंग्रजी शाळेत नेऊन काय उपयोग, असं सून म्हणाली. सून मला आत्या म्हणते. म्हणाली, "आत्या, तिथं इंग्रजीत बोलतील." मी म्हणाले, "बोलू दे. मला मराठीत उत्तर देता येतं."

मोठ्या बाईंनी मुलींना नीट पाहिलं. धाकटीनं टेबलावरची घंटी वाजवली आणि "हे काय हाय?" असं विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला घेते. लहान गटात बसेल, शिकेल." थोरलीला त्यांनी इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत, मग मराठीत. ती पाय जुळवून, पाठ ताठ करून बसली होती, एकटक बघत. तिनं कागदावर गणितं सोडवली, सगळी बरोबर, इंग्रजी अक्षरं काढली, छापल्यासारखी. पण बोलली नाही.

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं. "आजी, वर्ग दुसरीचा आहे. पोट दुखलं तर सांगता आलं पाहिजे, कुणी मारलं तर सांगता आलं पाहिजे. मी वर्षाच्या मधेच घेतेय, ती जबाबदारी माझी. दिवाळीची सुट्टी संपली की आठवडाभर बसवून बघू. वर्गात बोलली तर ठीक. नाही बोलली तर पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते आईनं मला परत येताना रिक्षात सांगितलं. वर्षभर शाळेविना ठेवणं त्यांना चालणार नव्हतं. थोरलीला शाळेनं घेतलं नाही तर दोघींना घेऊन ती परत जाणार आणि नवरा एकटा इथं राहणार. पोरी आणि आई तिकडं आजीकडं, बाप इकडं. पुन्हा फोनवर बघणं. म्हणून त्या बॅगा वळणावर होत्या. फोन म्हणाला, "मी माझ्या ज्येष्ठ कन्येला तिच्या दुसऱ्या वर्षी सोडले होते. ती मला अद्याप नीट ओळखत नाही." आणि ती बाहेर बघत बसली. मी तिला काही समजावलं नाही. समजावून भाषा येत नाही. मी म्हणाले, "सकाळी पोरीला खाली पाठव. मी बघते."

त्यांनी एक शिकवणीची मॅडमही लावली होती. ती तक्ते घेऊन यायची, पोरीकडून लिहून घ्यायची, शाबासकी द्यायची आणि जायची. लिहिण्यात ती पोरगी मॅडमलाही मागं टाकायची. माझं लिहिण्याशी काही काम नव्हतं. मी पहिल्या दिवशी तिला एकच वाक्य शिकवलं. "मला मुतायला जायचंय."

सून भाकरी थापता थापता थांबली. "आत्या, शाळेत वॉशरूम म्हणतात."

"वॉशरूम म्हणूस्तोवर पोरगी भिजंल."

"मॅडम काय म्हणतील?"

"जा म्हणतील. दुसरं काय म्हणतील?"

मी ते वाक्य रोज म्हणायची, बोट दाखवायची, संडासाचं दार उघडायची. धाकटी मागं नाचत नाचत ते गाण्यासारखं म्हणायची, सगळ्या गल्लीत. थोरली ऐकायची, माझ्या ओठांकडं बघायची. तिला ते आलं होतं हे मला दिसत होतं, कारण मी मुद्दाम चुकीचं दार दाखवलं की ती मान हलवून बरोबरच्या दाराकडं बघायची. पण म्हणायची नाही.

बाकीचं मी हातानंच शिकवलं. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून पाया पडायचं. हे तिला एकदा दाखवलं आणि ती इतकी मन लावून करायला लागली की चपलेला पाय लागला तरी पाया पडायची. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, एका हातात, दोन्ही हात पसरले तर मागचं पोरगंही दुप्पट मागतं. डब्यात काट्याची मासळी न्यायची नाही, डबा उघडला की शेजारणीला एक घास आधी द्यायचा. हे तिच्या आईला पटेना. तिकडं शाळेत सगळ्या पोरांना एकसारखं ताट मिळतं, आपलं ताट आपण संपवायचं, दुसऱ्याला द्यायचं म्हणजे स्वतःचं टाकल्यासारखं. मी म्हणाले, "इथं न दिलं तर कुणी शेजारी बसत न्हाई." मग ती चपात्या शिकली. पहिल्या चपात्या आमच्या कोंबड्यांनीही सोडल्या. हळूहळू जमल्या.

दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी आमच्या भिंतीला किल्ला केला. दगड, पोती, वर चिखल, दरवर्षीसारखा. धाकटी चिखलात गुडघ्यापर्यंत, हुकूम सोडत. थोरलीनं बारीक बारीक खडे निवडून खालपासून वरपर्यंत पायऱ्या लावल्या, एकसारख्या, दोऱ्यानं मापल्यासारख्या. पोरांना ते फार आवडलं. "दीदी, इकडं पण लाव," "दीदी, तटाला पण," असं करत सगळी तिच्या मागं. तिनं सगळं केलं आणि तोंड उघडलं नाही. मला वाटलं, चला, काही नाही तर पोरांत मिसळली. पण मोठ्या बाईंनी किल्ला बांधायला सांगितला नव्हता.

सुट्टी संपली, आठवडा सुरू झाला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तिच्या वर्गाच्या बाईंनी गेटवर मला थांबवलं. लहान वयाची पोरगी, दमलेली, हातात वह्यांचा गठ्ठा. म्हणाली, "आजी, त्रास काही नाही हिचा. डबा देते, हसते, जेवल्यावर बाकावर डोकं ठेवून जरा झोपते, ते मी चालवून घेतलं. पण प्रश्न विचारला की प्रयत्नच करत नाही. नुसती बसून राहते. मला तसंच सांगावं लागेल मोठ्या बाईंना."

मी म्हणाले, "खरं हाय तेच सांगा." मी घरी आले. आईला मी तेच सांगितलं. ती वर गेली आणि तिच्या पावलांचा आवाज बराच वेळ माझ्या छतावर इकडून तिकडं, तिकडून इकडं होत राहिला. त्या दिवशी वळणावरच्या बॅगांना माझा पुन्हा पाय लागला.

गुरुवारी संध्याकाळी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. आमची थोडी जमीन अजून राहिली आहे, कारखान्यांच्या मधे पट्टी निघावी तशी, त्यात मी भाजी लावते आणि शनिवारी चाकणच्या बाजारात बसते. अंगणात दोघी बहिणी शाळा-शाळा खेळत होत्या. धाकटी मॅडम. डोक्यावर माझा पदर म्हणून टॉवेल, हातात पट्टी म्हणून चमचा. थोरली विद्यार्थी. तिनं कांद्याचा रिकामा क्रेट पालथा घातला होता, तो तिचा बाक. त्यावर एकावर एक हात ठेवून ती ताठ बसली होती. धाकटीनं चिनीत काहीतरी विचारलं. तशी थोरलीनं उजवा हात वर केला. पण वर म्हणजे डोक्यावर नाही. कोपर क्रेटवर टेकलेलं, हात कोपरापासून सरळ उभा, बोटं जुळलेली. तोंड बंद. खांब रोवल्यासारखी. धाकटीनं चमच्यानं खूण केली. थोरली उठली, क्रेटच्या बाजूला उभी राहिली आणि खणखणीत आवाजात काहीतरी बोलली, लांबलचक. मग बसली, हात परत एकावर एक.

मी मेथी खाली ठेवली. हा हात मी रोज बघत होते. जेवताना ती असाच हात उभा करून बसायची, कोपर गुडघ्यावर. मला वाटायचं हात अवघडला असेल. तिला भाकरी हवी असायची, पाणी हवं असायचं, ती विचारत होती, आणि मी तिच्यासमोर बसून स्वतःचं जेवत होते.

आईला हाक मारून वरून खाली बोलावलं. ती धावत आली. मी तो हात करून दाखवला. ती म्हणाली, हो, तिकडं शाळेत असाच करतात. पहिल्याच दिवशी शिकवतात. हात उभा करायचा, आवाज करायचा नाही, बाई नाव घेईपर्यंत उठायचं नाही. उत्तर पक्कं माहीत असेल किंवा काही मागायचं असेल तरच करायचा. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. पोरीनं हात वर करावा हे सांगायचं असतं का?

शुक्रवारी मी शाळेत गेले आणि वर्गाच्या बाईंना तो हात दाखवला. त्यांनी वह्या खाली ठेवल्या. "हा हात? हा तर ती दिवसभर करते. मला वाटलं टेकून बसलीय."

"विचारती ती. तुमी बोलवा म्हणून थांबलीया."

त्यांनी वर्गाकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "आजी, मी आता बोलवीन. पण माझा वर्ग एकदा बघा." मी दारातून बघितला. त्यांनी फळ्यावरचं काहीतरी विचारलं आणि सगळी पोरं एकदम उठली. "मॅडम मी," "मॅडम मी," "मॅडम, ह्यानं काल पण सांगितलं." दोन पोरं बाकावर चढली. एकानं हात हलवता हलवता पुढच्याच्या डोक्यात मारला. त्या सगळ्या गोंधळात मागून दुसऱ्या बाकावर तो एक हात, कोपर टेकलेलं, सरळ उभा. माझी नजर त्यावर गेली ती मला माहीत होतं म्हणून.

बाई बाहेर आल्या. "माझ्या तासाला मी बघेन. पण इंग्रजीला दुसऱ्या मॅडम आहेत, खेळाला सर आहेत, बसमध्ये मावशी आहेत. सगळे कुठं बघणार? तिला ओरडायला शिकवा, आजी."

त्यांचंही बरोबर होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, पोरीला ओरडायला शिकवायचं. फोन चिनीत बोलला. तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फोन म्हणाला, "कृपया पुनरुच्चार करावा." मी पुन्हा सांगितलं. तिनं परत विचारलं. मग शेवटी हसायलाच लागली. म्हणाली, आम्ही तिला इतकी वर्षं शिकवलं की ओरडू नकोस. आजीनं शिकवलं, शाळेनं शिकवलं. आता तुम्ही म्हणता ओरड. मी म्हणाले, "इथं न ओरडता कुणाला काय मिळालंय ते दाखव मला."

घरात ओरडायला शिकवून बघितलं. सुनेनं केलं, धाकटीनं करून दाखवलं, इतकं की शेजारचे विचारायला आले. थोरली लाजून पायरीवर जाऊन बसली. म्हणून शनिवारी मी तिला बाजारात नेलं. ओरडण्याची शाळा तीच आहे.

मेथीच्या जुड्या पोत्यावर मांडल्या आणि तिला बाजूला क्रेटवर बसवलं. शेजारी माझ्या ओळखीची मिरच्यावाली बसते, खेडच्या बाजूची. ती म्हणाली, "आज नवा माल आणलाय जणू."

"शाळेत घालायचीय. आवाज निघंना."

"माझा काढून घेऊन जा की. नवरा म्हणतो लई झालाय."

गिऱ्हाइकं येत होती. मी ओरडत होते, मिरच्यावाली ओरडत होती, पलीकडं कांदेवाले ओरडत होते. थोरली बघत होती. एक बाई समोर थांबली, जुडी उचलली, ठेवली, पुढं गेली. पोरीनं हात उभा केला होता, त्या बाईसाठी. बाईनं बघितलंही नाही. असं पुन्हा झालं. तिनं मांडीवरचं कोपर जरा सरकवून हात अजून सरळ केला, जणू चूक हाताची होती.

तेवढ्यात मोकाट गाय आली. त्या बाजारात एक तांबडी गाय आहे, तिला कुणाची भाजी कुठं असते ते पक्कं माहीत आहे. मी पाठमोरी होते, पिशवीतून सुट्टे काढत. मिरच्यावालीनं मला डोळ्यानं खुणावलं. मी हळूच वळून बघितलं. गाईनं एक जुडी उचलली होती आणि थोरली माझ्याकडं बघत होती. हात वर. कोपर गुडघ्यावर, बोटं जुळलेली, चेहरा लाल.

मी परत पिशवीत डोकं घातलं.

मिरच्यावाली पुटपुटली, "अगं, तुझी मेथी चालली."

"जाऊ दे."

गाईनं दुसरी जुडी ओढली. मग तिसरीवर जीभ टाकली. मला मेथीचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आणि मग माझ्या कानाशी असा आवाज आला की माझ्या हातातली पिशवी पडली. "आजी. गाय. गाय खाती. आजी, गाय खाती." आणि लगेच गाईकडं वळून, "हाड. हाड. जा तिकडं. माझं हाय." सगळे शब्द धाकटीचे, गल्लीतले. इतके दिवस आत साठवून ठेवलेले. कुत्र्याला म्हणतात ते हाड ऐकून गाय बुचकळ्यात पडली असेल, पण मागं सरली. कांदेवाले हसायला लागले. थोरलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मिरच्यावाली म्हणाली, "अगं बाई, बोलती की ही."

"बोलती व्हय. तिचं आजवर काय अडलंच नव्हतं."

मी पोरीला शाबासकी दिली नाही. उरलेल्यातली एक जुडी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता इक." विकण्याचे शब्द तिनं सकाळपासून ऐकलेच होते. पहिल्यांदा म्हणाली ते तिचं तिलाच ऐकू आलं असेल. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. दुपारपर्यंत मिरच्यावाली म्हणाली, "आता हिला गप कर, माझी गिऱ्हाइकं तिकडं चालली."

गाईनं चघळून टाकलेली मेथी मी पिशवीत भरून आणली होती, कोंबड्यांसाठी. पिशवी थोरलीनं वर नेली. तिथं काय गैरसमज झाला कोण जाणे, आईनं ती मेथी धुतली, चिरली आणि पिठाच्या पारीत भरून उकडून खाली पाठवली, वाटीभर. मी सुनेला सांगितलं नाही. तिनं दोनदा घेतली.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. आई, थोरली आणि मी. आईनं चांगला सदरा घातला होता आणि हात मांडीवर घट्ट धरले होते. मोठ्या बाईंच्या समोर वर्गाच्या बाईंचा कागद होता. त्या वाचत होत्या. "वर्गाच्या बाई म्हणतात, शुक्रवारी नाव घेतल्यावर ती उठली, पण बोलली नाही, परत बसली. मला त्या म्हणतात अजून वेळ द्या. पण आजी, आपलं ठरलं होतं." त्या पानाची दुसरी बाजू वाचायला लागल्या.

थोरलीनं टेबलाच्या कडेला कोपर टेकवलं आणि हात उभा केला.

आईनं बघितलं. मी बघितलं. आई माझ्याकडं बघून काहीतरी सांगा असं डोळ्यांनी म्हणत होती. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. शनिवारची मेथी मी फुकट घालवली नव्हती. मोठ्या बाई मान खाली घालून वाचत होत्या. हात उभाच. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी घड्याळच बघत होते. मग तिची खुर्ची मागं सरकली, ती उठून उभी राहिली, पाय जुळवले आणि बाजारच्या आवाजात म्हणाली, "बाई. मला मुतायला जायचंय."

दारातला शिपाई आत डोकावला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा सांगितलं. तितक्याच मोठ्यानं, एकेक शब्द स्वच्छ. आणि जोडीला म्हणाली, "आता."

"जा, जा. मावशी, हिला दाखवा." पोरगी धावत गेली. मोठ्या बाई बराच वेळ तोंडावर रुमाल धरून होत्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे वाक्य कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि हा आवाज?"

"गाईनं."

त्यांना ती गोष्ट सांगावी लागली. सांगेपर्यंत थोरली परत आली, ओले हात फ्रॉकला पुसत. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, मारलं कुणी तर काय सांगशील? ती म्हणाली, "ह्यानं मारलं." पोट दुखलं तर? तिनं हात उभा केला. मोठ्या बाईंनी तो या वेळी बघितला आणि थांबल्या. पोरगी विचार करत होती. मग हात खाली घेऊन म्हणाली, "न्हाई माहीत." मोठ्या बाई म्हणाल्या, "ते शिकवू आपण," आणि कागदावर सही केली.

आईला फोन काढायचं सुचलंच नाही. सही बघितली आणि तिला कळलं. तिनं मोठ्या बाईंना दोन्ही हातांनी नमस्कार केला, मग मला, मग चुकून शिपायालाही.

दुपारी माझ्या मुलानं त्या दोन बॅगा वर नेल्या. आईनं त्या रिकाम्या केल्या. थोरलीचे कपडे, धाकटीचे कपडे, आणि तळाला एक पातळ रजई, त्यांच्या आजीनं शिवलेली. ती तिनं आमच्या गच्चीवर माझ्या पापडाच्या चटईवर वाळत घातली, न विचारता. मी बोलणार होते. तेवढ्यात जिन्यातून थोरलीची हाक आली, आईला, चिनीत. शब्द मला कळले नाहीत, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असेल. आई हातातली चिमट्यांची पिशवी टाकून खाली धावली.

रिकाम्या बॅगा माळ्यावर गेल्या, कांद्याच्या पोत्यांमागं. आता वळणावर गुडघा आपटत नाही. पापड मात्र मी दुसऱ्या दिवशी घातले.